नाकारलेल्या वस्तूंची वही

ऑगस्टमधला दुसरा मंगळवार. गुणांची बेरीज दोनशेपैकी एकशे शहाऐंशी. हजर: मानसोपचारतज्ज्ञ डॉ. कर्णिक, केंद्राचा मॅनेजर नितीन आणि कागदपत्रं तपासणारी म्हणून मी. त्या दिवशी केंद्रात तीस रुग्णही होते, पण आमच्या तपासणीच्या नमुन्यात त्यांच्यासाठी 'उपस्थित' असा रकाना नव्हता. 'संख्या' असा होता. त्यात मी तीस लिहिलं.

दिवाळी अंकासाठी संपादकांनी माझ्याकडे कामातले गमतीशीर अनुभव मागितले. गमतीशीर अनुभव आहेत, त्यातले दोन-तीन सांगतेही. पण ते सांगून थांबले तर मी पुन्हा तेच करेन, जे त्या मंगळवारी केलं. म्हणून त्या बेरजेबद्दलही लिहिते आहे.

माझं काम काय ते आधी सांगायला हवं. मनोविकारांवर उपचार करणारी, व्यसन सोडवणारी, समुपदेशन करणारी छोटी केंद्रं आता आमच्या मीरा-भाईंदरमध्ये बरीच आहेत. इमारतीचे दोन मजले भाड्याने घेतलेले असतात. खाली टाइल्सचं दुकान किंवा बँक्वेट हॉल, वर तीस खाटा. सरकारी नोंदणी त्यांना घ्यावीच लागते. त्याखेरीज दर्जाचं प्रमाणपत्र देणाऱ्या खासगी संस्था आहेत. अशा एका संस्थेच्या यादीवर मी सहा वर्षं होते. प्रमाणपत्र सक्तीचं नाही, पण ते फ्रेम करून दारात लावलेलं असलं की नातेवाईकांना धीर येतो आणि ते पैसे भरतात. त्यासाठी दोन माणसं एक दिवस जाऊन केंद्र तपासतात. डॉक्टर उपचार बघतात आणि दुसरं माणूस कागद बघतं. दिवसाचं मानधन चार हजार रुपये.

त्याआधी एकवीस वर्षं मी मुंबईतल्या एका धर्मादाय रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागात होते. केसपेपरवरची कोणती सही आज केलेली आहे आणि कोणती मागच्या तारखेची म्हणून आज केलेली आहे, हे मला शाईवरून कळतं. याचा मला अभिमान होता. अजूनही थोडा आहे.

तपासणीचं पत्र पंधरा दिवस आधी जातं. म्हणजे केंद्राला घर आवरायला पंधरा दिवस मिळतात. भाईंदरच्या एका व्यसनमुक्ती केंद्रात आग विझवण्याची चार नवी लाल नळकांडी दिसली. मी एक उलटं करून पाहिलं तर खाली स्टिकर होता: 'फॅमिली रूम'. खालच्या हॉटेलातून एका दिवसासाठी आणली होती. मालक म्हणाले, "मॅडम, आग लागली तर खालून आणायला कितीसा वेळ लागतो?"

मीरा रोडच्या एका समुपदेशन केंद्रात तीन नंबरच्या खोलीवर 'गोपनीय' अशी पाटी होती, पण खोलीची भिंत प्लायवूडची आणि छतापासून दीड फूट खाली थांबलेली. मी बाहेरच्या बाकावर बसून आतून ऐकू आलेली वाक्यं मोजली. दहा मिनिटांत एकोणतीस. त्यातली सतरा सासूबद्दल होती. समुपदेशक बाईंना आकडा सांगितला तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "बाहेरच्यांना पण बरं वाटतं हो. घरोघरी हेच आहे, असं कळतं."

एका ठिकाणी रुग्णांकडून उत्तरं पाठ करून घेतली होती. मी एका आजोबांसमोर जाऊन नुसती खुर्ची ओढली. त्यांनी लगेच सांगितलं, "जेवण पौष्टिक, वागणूक सौजन्याची, तक्रार नाही." मी म्हटलं, "आजोबा, मी अजून काही विचारलं नाही." ते म्हणाले, "विचारा. उत्तर तेच आहे."

असे किस्से मी लग्नकार्यात सांगत असे आणि लोक हसत. त्यानंतर मी माझ्या वहीबद्दल सांगत असे, म्हणजे लोक गप्प होऊन ऐकत.

ही वही म्हणजे नाकारलेल्या वस्तूंची यादी. तपासणीला गेलं की केंद्रवाले काही ना काही देतात. शाल, नारळ, काजूकतली, भिंतीवरचं घड्याळ, एकदा हापूसची पेटी, एकदा चांदीचं नाणं. संस्थेचा नियम होता की काहीही घ्यायचं नाही. मी त्या नियमाला स्वतःची भर घातली होती. डबा घरचा, पाणी घरचं. केंद्राचा चहासुद्धा घ्यायचा नाही. कुणी वस्तू दिलीच तर ती देणाऱ्याच्या हातात परत न देता केंद्राच्या जबाबदार माणसाकडे द्यायची आणि वहीत नोंद करायची: तारीख, केंद्र, वस्तू, अंदाजे किंमत, कुणाकडे परत केली आणि त्याची सही. सहा वर्षांत एकशे त्रेचाळीस नोंदी. एकूण अंदाजे किंमत एक लाख बारा हजार सहाशे चाळीस.

"एवढ्यात आपल्या हॉलला रंग झाला असता," हे म्हणायचे. ते बँकेतून निवृत्त झालेले आहेत, त्यांनाही आकडे कळतात. पण त्यांच्या बोलण्यात कौतुकच असायचं.

आता तो मंगळवार.

केंद्र भाईंदर पूर्वेला, गोडदेवच्या पुढे. दुसरा आणि तिसरा मजला. खाटा तीस, रुग्ण तीस, संमतिपत्रं तीस. तीसही मी एकेक करून पाहिली. प्रत्येकावर रुग्णाची स्वतःची सही होती, शाई वेगवेगळ्या तारखांची, कुठेही एका दिवसात बसून केलेलं काम नाही. मला बरं वाटलं. दहापैकी दहा दिले.

इथे कायद्यातली एक साधी गोष्ट सांगायला हवी. जो रुग्ण स्वतःच्या सहीने दाखल होतो, त्याने 'मला जायचंय' म्हटलं की त्याला जाऊ द्यायचं असतं. डॉक्टरांना खरंच काळजी वाटली तर एखादा दिवस थांबवून तपासता येतं, त्यापुढे नाही. त्याच्या जाण्यासाठी दुसऱ्या कुणाची सही लागत नाही.

हे मला पाठ होतं. तरी दारावरच्या रजिस्टरमध्ये 'घेऊन जाणाऱ्या नातेवाईकाची सही' असा रकाना होता आणि तो प्रत्येक ओळीत भरलेला होता, हे मी पाहिलं आणि शेऱ्यात लिहिलं: 'रुग्ण सुरक्षितपणे कुटुंबाकडे सोपवले जातात. नोंदी परिपूर्ण.' त्यालाही दहापैकी दहा. तो रकाना तिथे असायलाच नको होता. मी रकाना भरलेला आहे की रिकामा एवढंच पाहिलं. रेकॉर्ड विभागात एकवीस वर्षं काढलेल्या बाईकडूनच अशी चूक होते. दुसऱ्या कुणी निदान विचारलं असतं की ही सही कशाला.

रुग्णांशी बोलणं हाही तपासणीचा भाग असतो. पाच जणांशी बोलायचं. ते पाच नितीनने निवडून आणले आणि दाराजवळ स्टूल टाकून स्वतः बसला. डॉ. कर्णिक त्याला म्हणाले, "बस, बस, घरचाच माणूस आहेस." पाचही जण ठीक बोलले.

दुपारी आम्ही तिसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये गेलो. तिथे बारा-तेरा रुग्ण सतरंजीवर बसून औषधांची कागदी पाकिटं चिकटवत होते. हाताला काम असलं की मन थाऱ्यावर राहतं, म्हणून असं काम देतात. त्यांच्यातून एक बाई उठून माझ्याकडे आल्या. चाळिशीच्या आतबाहेर असतील, केस घट्ट बांधलेले, पंजाबी ड्रेस, पण ओढणी नाही. ओढण्या केंद्रात काढून घेतात. रुग्णाने जिवाचं बरंवाईट करू नये म्हणून घेतलेली ती काळजी असते आणि तिचे पाचपैकी पाच गुण मी सकाळीच दिले होते. त्यांच्या हातात एक पाकीट होतं.

"मॅडम, हे तुम्हाला. मीच केलंय."

"छान केलंय. पण मला घेता येत नाही."

"पाकीटच तर हाय. घ्या ना."

"नियम आहे, ताई. मी कुणाकडूनच काही घेत नाही."

"मग बघा तरी."

नितीन हसला. "रेखाताई, मॅडम आपला चहापण पीत नाहीत. तुमचं पाकीट काय घेणार?" सतरंजीवरचे दोघे-तिघे हसले. मीही हसले.

रेखाताईंनी पाकीट माझ्या तळहातावर ठेवून माझी बोटं मिटली. आत घडी घातलेला कागद असल्याचं बोटांना कळलं. माझ्या मनात पहिला विचार आला तो नोटेचा. मला वाटलं, केंद्रवाल्यांनी या बाईच्या हातून पैसे पाठवलेत, कारण रुग्णाला कुणी नाही म्हणत नाही. रागच आला. मी पाकीट तसंच नितीनच्या हातात दिलं. "हे तुमच्या संस्थेचं. परत घ्या."

रेखाताई पाकिटाकडे बघत राहिल्या. मग माघारी जाऊन सतरंजीवर बसल्या आणि खळीचा ब्रश हातात घेतला.

जिन्यात मी वही काढली. नोंद क्रमांक अठ्ठ्याण्णव. 'कागदी पाकीट, नग १. आत घडीचा कागद, बहुधा रोख. न उघडता परत. देणार: रुग्ण रेखा घरत. घेणार: मॅनेजर.' नितीनने सही केली. सही करताना म्हणाला, "मॅडम, तुमच्यासारखे लोक राहिले नाहीत." मला ते ऐकून बरं वाटलं होतं, हेही लिहून ठेवते.

पुढे दीड वर्षाने संस्थेच्या कार्यालयातून फोन आला. ठाण्याला मनोरुग्णांच्या तक्रारी ऐकणारं मंडळ आहे, त्यांच्याकडून पत्र आलं होतं. एका माजी रुग्णाची तक्रार होती आणि तपासणीच्या दिवशी हजर असलेल्या दोघांचा खुलासा हवा होता. सोबत तक्रारीची एका पानाची प्रत. अक्षर सुवाच्य होतं.

लिहिलं होतं ते थोडक्यात असं. मी मे महिन्यात स्वतः सही करून दाखल झाले. मला झोप नव्हती, भास होत होते. औषधाने दोन महिन्यांत बरी झाले. जायचं म्हटलं तर मॅनेजर म्हणाले, भावाची सही आणा. भाऊ म्हणाला, दिवाळीनंतर बघू. मी स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॅकिंगला अकरा वर्षं आहे. शेठने दिवाळीपर्यंत जागा ठेवतो म्हणून सांगितलं होतं. तपासणीला मॅडम आल्या तेव्हा मी चिठ्ठी लिहून पाकिटात घालून त्यांना दिली. चिठ्ठीत एवढंच होतं की मी बरी आहे, मला जायचं आहे, मला तुमच्याशी दोन मिनिटं एकटीने बोलू द्या. मॅडमनी ती मॅनेजरच्या हातात दिली. त्या दिवसापासून माझा रविवारचा फोन बंद केला. मार्चमध्ये सोडलं. तोवर जागा गेली होती.

मी ते पान दोनदा वाचलं. आठवावं लागलं नाही. तळहातावरचा घडीचा कागद लगेच आठवला.

डॉ. कर्णिकांना फोन केला.

"सावंतबाई, मला काही आठवत नाही," ते म्हणाले.

"मला आठवतंय, डॉक्टर."

"दीड वर्ष झालं. महिन्याला चार केंद्रं बघतो आपण. कुणाला आठवतं? तुम्हीही तसंच लिहा. केंद्राचं काय व्हायचं ते होईल, आपण कशाला मध्ये पडायचं?"

मी टेबलाशी बसले आणि खुलासा लिहिला. 'सदर तपासणीत कोणतीही वस्तू स्वीकारलेली नाही. रुग्णाने लेखी निवेदन दिल्याचे स्मरत नाही.' पहिलं वाक्य खरं होतं. त्याच्या आडोशाला दुसरं ठेवलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कागदांतली अशी वाक्यं मी लाल पेन्सिलने अधोरेखित केली होती. त्या दिवशी स्वतः लिहिलं, पाकिटात घातलं आणि पोस्टात टाकून येताना भाजी घेऊन आले.

जेवताना ह्यांनी विचारलं, "कसलं पत्र होतं?"

"एका बाईचं म्हणणं आहे, मला काहीतरी दिलं होतं."

"मग तुझ्या वहीत असेलच की." ते आमटी वाढून घेत होते, माझ्याकडे बघतही नव्हते. "तुझ्या वहीत नाही असं काय आहे?"

मी म्हटलं, "बघते." बारा दिवस मी वही उघडली नाही. कपाटात कुठे आहे ते माहीत होतं, वरच्या कप्प्यात, विम्याच्या कागदांखाली. घरात झाडू मारताना त्या कपाटासमोर माझा हात भराभर चालायचा.

सुनावणीला मलाही बोलावलं. मी बसने घोडबंदर रोडवरून ठाण्याला गेले. निघताना वही पिशवीत टाकली होती. ती दाखवायला घेतली की नुसती जवळ असावी म्हणून, हे आजही मला प्रामाणिकपणे सांगता येत नाही.

बाहेरच्या बाकावर रेखाताई बसल्या होत्या. मी ओळखलं नाही, त्यांनी ओळखलं. या वेळी ओढणी होती.

"मॅडम, बसा ना. वेळ हाय अजून. आपल्या आधी दोन नंबर हायत." त्यांनी सरकून जागा केली. थोड्या वेळाने म्हणाल्या, "तुम्ही त्या दिवशी डब्यात कोशिंबीर आणली होती. काकडीची. खिडकीत बसून खाल्लीत. आम्हाला वरून दिसत होतं."

मी पिशवी मांडीवर ओढून घेतली.

"आम्ही बायका बोलत होतो. मी म्हटलं, ही बाई यांचं पाणीपण पीत न्हाय, हिलाच द्यायची चिठ्ठी. याच्याआधी एक साहेब आलेले, ते यांच्याबरोबर बिर्याणी खात बसले. त्यांना नसती दिली."

"तुम्हाला नंतर त्रास दिला का त्यांनी?"

"मारलं-बिरलं न्हाय. नितीनने चिठ्ठी माझ्यासमोर वाचली आणि म्हणाला, रेखाताई, शुद्धलेखन चांगलं हाय तुमचं. मग फोन बंद. दिवाळीला फराळ दिला सगळ्यांना. मी चकलीचे वेढे मोजत बसले, शेठ अजून किती दिवस थांबेल म्हणून. शेठ तसा बरा माणूस. पण पॅकिंगला माणूस नसलं तर माल कसा जाणार? त्याने डिसेंबरात दुसरी बाई घेतली." त्यांनी पिशवीतून पाण्याची बाटली काढली. "आता एका ताईंच्या पोळी-भाजी केंद्रात जाते. अर्धा दिवस. पगार निम्म्याहून कमी. भावाकडेच राहावं लागतं. नोकरी होती तेव्हा वेगळी खोली घ्यायची बोलणी चालू होती माझी."

मग त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुमचा खुलासा वाचला मी. प्रत दिली होती मला. मला वाटतं, तुम्हाला खरंच आठवत नसेल. खोटं लिहिणाऱ्यातल्या वाटत न्हाय तुम्ही."

आत गेल्यावर मंडळाच्या अध्यक्ष बाईंनी मला विचारलं, "तुमच्या खुलाशात काही बदल करायचा आहे का?" हा प्रश्न त्या सगळ्यांनाच विचारत असाव्यात. मी वही काढून टेबलावर ठेवली आणि अठ्ठ्याण्णवावी नोंद दाखवली.

त्यांनी ती मोठ्याने वाचली. 'आत घडीचा कागद, बहुधा रोख.' हे शब्द खोलीत ऐकू आले तेव्हा रेखाताईंनी पहिल्यांदाच मान खाली घातली. त्यांना तोवर एवढंच माहीत होतं की मी चिठ्ठी घेतली नाही. मी त्यांना लाच द्यायला आलेली बाई समजले, हे त्यांना तेव्हा कळलं. त्या पूर्ण प्रकरणातला तो क्षण मला सगळ्यात जास्त टोचतो. नोंद वाचताना माझं नाव चांगलं राहिलं आणि त्यांचं वाईट झालं, असं काहीसं.

नितीन म्हणाला, पाकीट रिकामं होतं. अध्यक्षांनी वही त्याच्याकडे फिरवली. "आत कागद आहे असं लिहिलंय. खाली ही सही तुमची का?" त्याने सही पाहिली. मग म्हणाला, "मॅडम सही घ्यायच्याच. मी वाचली नव्हती."

"मग दीड वर्षाने आत काय होतं ते तुम्हाला कसं आठवतं?" त्याने वही अध्यक्षांकडे परत सरकवली.

मला विचारलं, "वही होती तर खुलाशात 'स्मरत नाही' का लिहिलंत?" मी म्हटलं, "आठवत होतं. भीती वाटली." अध्यक्षांनी ते लिहून घेतलं. मला कुणी रागावलं नाही. तसं झालं असतं तर सोपं गेलं असतं.

बाहेर येऊन मी रेखाताईंची माफी मागितली. नीट जमली नाही, कारण मी नियमाबद्दल सांगायला लागले, की वस्तू देणाऱ्याच्या हातात परत द्यायची नसते वगैरे. त्यांनी मला मध्येच थांबवलं. "मॅडम, तुमचा नियम चांगलाच होता. फक्त तुम्ही ते उघडायला पायजे होतं." एवढं बोलून त्या बसच्या रांगेत गेल्या. आम्हा दोघींची बस एकच होती, मी पुढची घेतली.

त्या आठवड्यात मी संस्थेला पत्र लिहून त्या रकान्याची चूक कळवली आणि यादीवरून नाव काढून घेतलं. त्या मंगळवारचं चार हजार मानधन परत करायला गेले. हिशेबनीस मुलगी बिचारी गोंधळली. "मॅडम, आमच्याकडे मानधन द्यायचं हेड आहे. परत घ्यायचं नाही. सॉफ्टवेअर घेतच नाही हो." मी पैसे परत घेऊन घरी आले. संस्थेच्या नमुन्यात मात्र माझ्या पत्रानंतर एक बदल झाला: नातेवाईकाच्या सहीचा रकाना दिसला तर आता शून्य गुण मिळतात. त्या केंद्राची जुनी बेरीज एकशे शहाऐंशी होती. नव्या नमुन्याने किती झाली असती ते मी घरी काढून पाहिलं आहे. तो आकडा इथे देत नाही, कारण आता तो काढणं म्हणजे स्वतःला बरं वाटावं म्हणून केलेली कसरत आहे.

मंडळापुढे एवढं सिद्ध झालं की त्या मंगळवारी रेखाताईंनी जाण्याची इच्छा लेखी सांगितली होती. तारीख माझ्या वहीमुळे पक्की झाली. त्यानंतर मार्चमध्ये सोडेपर्यंतचे सात महिने त्यांना ठेवायला नको होतं. केंद्राने त्या सात महिन्यांची फी परत करायचं कबूल केलं. महिना बारा हजार प्रमाणे चौऱ्याऐंशी हजार.

ज्या दिवशी चेक मिळणार होता त्या दिवशी रेखाताईंनी मला बोलावलं. फोनवर म्हणाल्या, "तुम्ही असलात म्हणजे ते आकडा बदलणार न्हायत." केंद्राच्या खालच्या दुकानासमोर त्यांचा भाऊ विलास स्कूटरवर बसून होता. त्याच स्टीलच्या कारखान्यात टेम्पो चालवतो. माझ्याशी बोलायची त्याला इच्छा नव्हती, पण न बोलून राहवलंही नाही.

"मॅडम, मी काय वैरी हाय का तिचा? दोनदा घरातून निघून गेली होती. एकदा घोडबंदरला सापडली, पायात चप्पल न्हाय. घर केवढं, दहा बाय बारा. पोरीची दहावी. बायको म्हणायची, परत तसं झालं तर? मला तारीख देता येत नव्हती कुणाला. केंद्रावर तुमचं सर्टिफिकेट होतं. मला वाटलं, चांगल्या जागी हाय."

ते सर्टिफिकेट माझ्याच बेरजेवर मिळालेलं होतं.

"फी कुणी भरली?" मी विचारलं.

"मीच. म्हणजे तिची भिशी लागली होती, साठ हजार, ती माझ्याकडे होती. वरचे माझे."

रेखाताई जवळच उभ्या होत्या. "खोलीच्या डिपॉझिटसाठी लावली होती भिशी," त्या म्हणाल्या. तक्रारीत हे लिहिलं नव्हतं. मी का नाही लिहिलं असं विचारलं तर म्हणाल्या, "ते घरातलं झालं ना मॅडम."

वर नवीन मॅनेजर होता. त्याने चेक टेबलावर ठेवला. चौऱ्याऐंशी हजार रुपये फक्त, नाव विलास घरत. मी म्हटलं, रुग्ण या आहेत, तक्रार यांची आहे. त्याने सातही पावत्यांच्या प्रती पुढे सरकवल्या. सगळ्या विलासच्या नावाच्या होत्या. "मॅडम, ज्याच्या नावाची पावती त्यालाच रिफंड. तुम्ही तर कागदाचं माणूस आहात." कागद म्हणून त्याचं बरोबर होतं. मी सातही पावत्या तपासल्या. एकीतही चूक सापडली नाही.

विलासने पोच म्हणून सही केली. जिना उतरून खाली आल्यावर तो थोडा वेळ स्कूटरची चावी हातात फिरवत उभा राहिला. मग खिशातून पाकीट काढून पाच हजार मोजले आणि रेखाताईंच्या हातात दिले. "वरखर्चाला ठेव," म्हणाला. बाकीचे एकोणऐंशी हजार त्याच्याकडेच आहेत.